‘शंभर टक्के मादी’ म्हणजे नेमके काय, ते पाकिटावर छापा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पुरवणीत गेल्या पंधरवड्यात ‘शंभर टक्के मादी’ बियाण्यांची ओळख करून देणारा मजकूर वाचला. नर झाडांची कटकट नाही, प्रत्येक वेलीला आणि प्रत्येक रोपाला फळ, म्हणून उत्पन्न हमखास वाढणार, असा त्याचा सूर होता. काकडी, करटुले आणि पपई ही तिन्ही पिके त्यात एकाच माळेत ओवलेली होती. मी देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमध्ये काकडीचे संकरित बीजोत्पादन करतो, आणि मधले काही हंगाम मादी वाणाचे मूळ बियाणे वाढवण्याचे कामही मी केले आहे. मादी झाडापासून मादीच बी कसे धरतात, हे माझ्या हाताखालून गेलेले काम असल्यामुळे मला असे म्हणावेसे वाटते की, आपल्या मजकुरातील बहुतेक वाक्ये सरळसरळ खोटी नाहीत, पण या तीन पिकांत ‘मादी’ या एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ होतात आणि ते न सांगता पाकीट विकणे म्हणजे शेतकऱ्याला अर्धीच माहिती विकणे होय.

आधी काकडीचे सांगतो, कारण तिथे हा शब्द सर्वांत खरा आहे. आपल्या नेहमीच्या देशी काकडीच्या एकाच वेलीवर नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुले आधी आणि पुष्कळ, मादी फुले मागाहून आणि मोजकी. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काटेरी काकडी आधीच बसलेली असते, त्यामुळे ते ओळखायला लहान मूलही चुकत नाही. जवळजवळ प्रत्येक पेराला मादी फूलच धरणारी जी वेल असते, तिला आम्ही प्लॉटवर नुसते ‘मादी लाइन’ म्हणतो. अशी वेल संकरासाठी आई म्हणून वापरली की बीजोत्पादकाचे मोठे काम वाचते. साध्या वेलीची आई असेल तर रोज संध्याकाळी बायकांना एकेक वेल न्याहाळून नर कळ्या खुडाव्या लागतात. एखादी कळी नजरेतून सुटली आणि सकाळी उमलली की त्या वेलीचे परागीकरण तिच्याच परागाने होते, आणि पुढे ग्रो आउट चाचणीत, म्हणजे बियांचा नमुना लावून रोपांवरून शुद्धता तपासतात तिच्यात, अख्खा माल नापास होण्याची टांगती तलवार राहते. मादी लाइनवर खुडण्यासारखे काही नसतेच.

पण इथेच एक पेच उभा राहतो. जिला नर फूल येतच नाही, तिचे बी पुढच्या वर्षासाठी धरायचे कसे? दुसऱ्या वाणाचा पराग दिला तर तो संकर झाला, मादी लाइन राहिली नाही. तिला स्वतःचाच पराग हवा आणि तो तर तिच्याकडे नाही. या पेचातून वाट काढली ती १९६० मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या विद्यापीठात काम करणाऱ्या क्लिंटन पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने. जिबरेलिक आम्लाची, म्हणजे झाडाची वाढ करणाऱ्या एका संप्रेरकाची, फवारणी केली असता मादी काकडीवर नर फुले येतात, हे त्यांनी दाखवून दिले. ज्या वेलीवर त्यांनी काम केले, तिचे मूळ कोरियातून आलेल्या ‘शोगोइन’ नावाच्या काकडीत होते. पुढे १९७६ मध्ये चांदीचा आयन वनस्पतीतील एथिलीनचा परिणाम रोखतो हे सिद्ध झाले, आणि मग बीजोत्पादकांच्या हाती सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार आला.

एथिलीन म्हणजे केळी पिकवणारा तोच वायू. काकडीच्या वेलीत तो स्वतःच तयार होत असतो आणि वाढत्या कळीला तो पुरेसा मिळाला की कळी मादी होते, कमी पडला की नर होते. मादी लाइनमध्ये हा वायू तयार करणाऱ्या एका जनुकाची जादा प्रत असते, म्हणून तिथे मादी फुलांची रेलचेल असते. भाजीपाला करणाऱ्या अनेकांनी दुधी-भोपळ्यावर इथ्रेल फवारलेले असेल. मादी फुले वाढावीत म्हणून ते फवारतात, आणि त्यातून बाहेर पडणारा वायू एथिलीनच असतो. चांदी याच्या नेमके उलट करते. वेलीच्या पेशीत एथिलीनची खबर घेणारी जी प्रथिने असतात, त्यांत तांब्याच्या जागी चांदी जाऊन बसते आणि खबर पुढे जाणेच थांबते. एथिलीन तयार होतच असते, पण वेलीला ते कळत नाही, आणि ती नर कळ्या काढू लागते. कार्नेशनची फुले फुलदाणीत लवकर कोमेजू नयेत म्हणून त्यांचे दांडे चांदीयुक्त द्रावणात बुडवतात, तोही हाच प्रकार आहे.

प्रत्यक्ष प्लॉटवर हे काम वाटते तितके सोपे नाही. वेल दोन खऱ्या पानांवर असताना लिटरमागे साधारण पाव ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण ठरावीक ओळींवरच फवारायचे, काही दिवसांनी पुन्हा एकदा फवारायचे, आणि बाकीच्या ओळींना थेंबही लागू द्यायचा नाही. पहिल्या वर्षी आम्ही हे द्रावण बोअरच्या पाण्यात केले. आमच्याकडचे पाणी क्षारयुक्त आहे. बादलीत टाकताच पाणी ताकासारखे पांढरे झाले आणि तासाभरात करडे पडले. पाण्यातील क्लोराइडशी संयोग होऊन सगळी चांदी तळाला बसली होती आणि आम्ही वेलींवर निव्वळ गढूळ पाणी मारले होते, हे फुले लागल्यावर समजले, म्हणजे महिना वाया गेल्यावर. तेव्हापासून ऊर्ध्वपातित पाण्याशिवाय आणि तपकिरी बाटलीशिवाय आम्ही या रसायनाला हात लावत नाही. जिबरेलिक आम्लाने हे नुकसान झाले नसते, पण त्याचे प्रमाण लिटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास लागते, ते महाग पडते, आणि त्याने वेलीची पेरे इतकी लांबतात की ती सुतळीवर सावरता सावरता मजुरांची दमछाक होते.

फवारणी साधली की त्या ओळींवर पुढे काही दिवस नर फुले उमलतात. त्यांचा पराग न फवारलेल्या बहिणींना दिला की जे बी धरते, त्याची आई मादी असते आणि बापही मुळात मादीच असतो. दोघांकडूनही मादीपणाचाच वारसा आल्यामुळे पुढची पिढी मादी निपजते. चांदीचा परिणाम त्या वेलीपुरता असतो, तो बियांत उतरत नाही. काही शेतकरी मला विचारतात की, हे ‘जीएम’ बियाणे आहे काय? नाही. यात बाहेरून कोणतेही जनुक घातलेले नसते. मात्र फवारलेल्या वेलीची काकडी खायची नसते. ती बियांसाठीच पिकवायची असते, आणि मजुरांच्या मुलांनी ती तोडून खाऊ नये म्हणून आम्ही त्या ओळींच्या तोंडाला लाल कापड बांधतो.

आता या बियाण्याच्या पाकिटाकडे येऊ. बाजारात जे संकरित काकडीचे बियाणे मिळते, त्यात बहुतेक वेळा आई मादी लाइन असते आणि बाप साधा, दोन्ही फुले येणारा असतो. अशा संकराला मादीपणाचा वारसा एकाच बाजूने मिळालेला असल्यामुळे त्याच्या वेलीवर मादी फुले भरपूर येतात, पण नर फुले अजिबात येतच नाहीत असे नाही. तिला ‘मादीप्रधान’ म्हणणे योग्य. ‘शंभर टक्के’ म्हणणे हा जाहिरातीचा उत्साह. ज्या संकराचे दोन्ही पालक मादी लाइनचे असतात, तिथे शंभर टक्क्यांच्या जवळ जाता येते, पण मग उघड्या रानात परागासाठी त्याच पाकिटात दोन्ही फुलांच्या वाणाचे थोडे बी मिसळावे लागते. अमेरिकेत लोणच्याच्या काकडीत दहा-बारा टक्के असे बी मिसळण्याची रीतच आहे. आपल्याकडे मिसळले आहे की नाही, हे पाकिटावर वाचून कळत नाही. रोपे घनदाट झाली म्हणून विरळणी करताना शेतकऱ्याने नेमकी हीच वेगळी दिसणारी रोपे उपटली तर दोष कोणाचा? पॉलिहाऊसमधील काकडीची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे परागाशिवायच फळ धरणारे वाण असतात, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा पार्थेनोकार्पिक काकडी ६’ त्यातलेच. त्यांना नर फूल नको, मधमाशीही नको. ही दोन्ही पाकिटे दुकानात शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि दोन्हींवर मादी हाच शब्द असतो, त्यामुळे पॉलिहाऊसचे बियाणे रानात आणि रानाचे पॉलिहाऊसमध्ये लावून बसलेले शेतकरी मी पाहिले आहेत.

शिवाय मादीपणा हवामानावरही अवलंबून असतो. थंडी आणि लहान दिवस असले की काकडी मादीकडे झुकते, कडक ऊन आणि मोठा दिवस असला की नराकडे. थंड मुलखात निवडलेली मादी लाइन आपल्याकडे चैत्र-वैशाखात चाळिशीच्या पाऱ्यात लावली तर ती बिनदिक्कत नर फुले काढते. भारतात हा प्रश्न फार पूर्वीच ओळखला गेला होता. कुलू खोऱ्यातील कटराईं येथे जपानी मादी लाइन वापरून ‘पुसा संयोग’ हा संकर तयार झाला, पण तो डोंगराळ थंडीत शोभणारा. उष्ण प्रदेशातही मादीपण टिकवणाऱ्या लाइन तयार करण्याच्या कामात ज्यांचे नाव घ्यावे लागते ते डॉ. टी. ए. मोरे, ज्यांनी पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले. म्हणजे विषय आपल्या घरचाच आहे, तरी उन्हाळ्यात मादी बियाण्यावर नर फुले दिसली की शेतकरी भेसळ झाली म्हणून दुकानदाराशी भांडतो, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी ऑर्गनायझरकडे, म्हणजे तिच्यासाठी आमच्याकडून बी धरून घेणाऱ्या मध्यस्थाकडे, आणि ऑर्गनायझर शेवटी माझ्यासारख्या बीजोत्पादकाच्या गळ्यात ते बांधून मोकळा होतो. भेसळ होत नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. पण प्रत्येक नर फूल म्हणजे भेसळ नव्हे, आणि हे बियाणे कोणत्या हंगामासाठी आहे ही एक ओळ पाकिटावर असती तर यातील निम्मी भांडणे झालीच नसती.

करटुल्याच्या बाबतीत मात्र खुद्द मीच फसलो, आणि तेही या विषयाची जाण असताना, हे कबूल करायला मला लाज वाटते. करटुले, म्हणजे कोकणात ज्याला कर्टोली म्हणतात ती रानभाजी, काकडीच्याच कुळातली असली तरी तिच्यात नराची वेल वेगळी आणि मादीची वेगळी असते. बियांपासून लावली तर साधारण निम्म्या वेली नर निघतात, आणि ते फुले येईपर्यंत समजत नाही. म्हणून जाणते लोक मादी वेलीचे कंद लावतात. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याने मला ‘शंभर टक्के मादी’ कंद दिले. आषाढातल्या भावाने करटुले विकायचे या आशेने मी पाऊण बिघा मांडव घातला. वेली जोमदार आल्या, संध्याकाळी दिवेलागणीला पिवळी फुले उमलू लागली, प्रत्येक फुलामागे इवलेसे काटेरी फळ होते. आठवड्याभरात ती फळे पिवळी पडून गळू लागली. आधी मी बुरशीनाशक मारले, मग फळमाशीचे सापळे लावले. शेवटी एके दिवशी माझ्या सौभाग्यवतींनीच विचारले, “अहो, यात नर कुठाय?” सगळ्या वेली खरोखरच मादी होत्या. विक्रेत्याने शब्द पाळला होता, आणि म्हणूनच मला फळ मिळाले नाही. मैलभरात करटुल्याचा एकही नर वेल नव्हता. बुलढाण्याच्या घाटाकडे राहणाऱ्या एका नातेवाइकांच्या बांधावरून रोज संध्याकाळी नर फुले आणून आम्ही बॅटरीच्या उजेडात एकेका मादी फुलाला पराग लावला, तेव्हा कुठे शेवटच्या तोड्यांना घरखर्चापुरता माल निघाला. आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल हवा, ही साधी गोष्ट विक्रेत्याने सांगितली असती आणि कंदांच्या पिशवीत वेगळी खूण करून मूठभर नर कंद दिले असते, तर हा खटाटोप झालाच नसता. सिल्व्हर नायट्रेट फवारून मादी करटुल्यावरही पराग देणारी फुले आणता येतात, हे संशोधकांनी केलेले आहे, आणि त्या मार्गाने मादी बी धरताही येईल. पण तसे बी उद्या बाजारात आले तर त्याच्या सोबत नर द्यावाच लागेल, नाहीतर माझा पाऊण बिघा गावोगाव होईल.

पपईत तर ‘मादी’ हा शब्दच वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पपईचे लिंग कसे ठरते, याचा उलगडा १९३८ मध्ये हवाईतील स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेतील हॉफमायर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे केला. पपईत तीन प्रकारची झाडे असतात: मादी, नर आणि उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असलेली. मादीला नराचा पराग मिळाला तर बियांतून निम्मी मादी आणि निम्मी नर रोपे निघतात, म्हणूनच जुन्या वाणांत, वॉशिंग्टन घ्या किंवा ‘को २’, एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले आल्यावर जादा नर उपटण्याची पद्धत पडली. उभयलिंगी झाडाला त्याचाच पराग मिळाला तर तीनपैकी दोन रोपे उभयलिंगी आणि एक मादी निघते, नर एकही नाही. मादीला उभयलिंगीचा पराग दिला तर निम्मी मादी, निम्मी उभयलिंगी, तिथेही नर नाही. शहाद्याकडच्या बागांत ज्या तैवानी ‘७८६’ ची रोपे लावतात, त्यांत प्रत्येक झाडाला फळ येते याचे कारण ती सगळी मादी असतात हे नसून, त्यांत नर नसतो हे आहे. मादीची फळे गोलसर आणि आतून पोकळ, उभयलिंगीची लांबट आणि जाड गराची. व्यापाऱ्याला लांबट हवी असतात. म्हणजे ज्या पिकात बाजाराला मुळात उभयलिंगी झाड हवे आहे, त्यात ‘शंभर टक्के मादी’ म्हणून बियाणे खपवणे हा नुसता चुकीचा शब्द नव्हे, तर उलटा शब्द आहे. खरोखरच सगळी झाडे मादी निघाली तर बागायतदार डोक्याला हात लावून बसेल. आणि अशा बागेतील पिकलेल्या फळाचे बी घरी धरून कोणी रोपे केली, शेजारच्या परसात एखादे जुने नर झाड असले, तर त्या रोपांत नरही निघतो. मग तो बिचारा आपले बी बिघडले असे समजतो, कारण त्याला कोणी हिशेब सांगितलेलाच नसतो.

मादी बियाण्याच्या तंत्राची जगभर सर्वांत जास्त चर्चा ज्या पिकात होते, त्या भांगेबद्दलही दोन ओळी लिहितो, कारण इंटरनेटवर शोधणारी आमच्या भागातील तरुण मुले मला त्याबद्दल विचारतात. भांगेत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि मादी भांगेवर सिल्व्हर नायट्रेट व चांदीच्या थायोसल्फेट संयुगाने फलनक्षम नर फुले आणण्याचे काम दिल्ली विद्यापीठातील प्रा. एच. वाय. मोहन राम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८२ मध्ये प्रसिद्ध केले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय हे पीक घेणे हा गंभीर गुन्हा आहे. धाग्यासाठी आणि बियांसाठी परवानगी देण्याची तरतूद त्या कायद्यात असली आणि उत्तराखंडाने २०१८ मध्ये तसा परवाना दिला असला, तरी त्यामुळे कोणी बांधावर प्रयोग करायला जाऊ नये. हे तंत्र शिकायला काकडी पुरेशी आहे.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर माझ्या मुख्य मागणीकडे येतो. १९६६ चा बियाणे कायदा आणि त्याखालील १९६८ चे नियम यांनुसार पाकिटावर वाणाचे नाव, उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख, वजन, विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि बियाण्याला औषध चोळले असल्यास तसा इशारा छापावा लागतो. हिरव्या लेबलच्या, म्हणजे सरकारी प्रमाणीकरण न झालेल्या, बियाण्यावर यातले बहुतेक सगळे कंपनीच्या शब्दावरच असते. पण या झाडांना कोणती फुले येणार, परागासाठी काय लागणार, कोणत्या हंगामात हा दावा खरा ठरणार, याबद्दल त्यात एक अक्षर नसते. बियाणे जिवंत आहे आणि स्वच्छ आहे एवढेच तिथे कळते. दुसरीकडे, २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, नोंदणीकृत वाणाचे बियाणे विकताना कोणत्या परिस्थितीत किती कामगिरीची अपेक्षा आहे हे पैदासकाराने शेतकऱ्याला सांगितले पाहिजे, आणि त्या परिस्थितीत ती कामगिरी मिळाली नाही तर शेतकरी भरपाई मागू शकतो. ‘कोणत्या परिस्थितीत’ हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. उन्हाळ्यात नर फुले आलेल्या काकडीला आणि नराविना फळे गाळणाऱ्या करटुल्याला ते तंतोतंत लागू पडतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, असा निर्णय दिलेला आहे. पण दाद मागायला काहीतरी लेखी वचन हातात असावे लागते. ‘शंभर टक्के मादी’ हे वचन असे आहे की ते पाळले तरी शेतकरी बुडू शकतो, हे मी वर सांगितलेच.

म्हणून कृषी आयुक्तालयाकडे माझी विनंती अशी आहे की, भाजीपाला आणि पपई यांच्या पाकिटावर ‘मादी’ हा शब्द छापणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला त्याच आकाराच्या अक्षरांत, मराठीत, झाडांचा फुलप्रकार, परागाची सोय आणि हंगाम छापण्याची सक्ती करावी. यासाठी नवा कायदा येईपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही, परवाना देताना अट घातली तरी पुष्कळ काम होईल. रोपवाटिकांनाही हा नियम लागू असावा, कारण आता निम्मे शेतकरी बी विकत घेतच नाहीत, ट्रेमधली रोपे घेतात, आणि त्या ट्रेवर तर वाणाचे नावसुद्धा खडूने लिहिलेले असते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या मजकुरात तर नव्हतीच, पण कंपन्यांच्या माहितीपत्रकातही नसते. हे मादी बी धरण्याचे काम शेडनेटमध्ये बायका करतात. पहाटे डोक्याला स्कार्फ बांधून, चिमटा आणि खुणेसाठी रंगीत लोकरीचे धागे घेऊन त्या वाकून उभ्या असतात. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब कातडीला लागला तर तिथे आठवडाभर जाणार नाही असा काळा डाग पडतो, आणि डोळ्यात गेला तर गंभीर इजा होऊ शकते. पहिल्या वर्षी आमच्याकडे एका बाईंच्या बोटांवर असे डाग पडले, तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी त्यांना दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू दिला नाही. त्यानंतर हातमोजे आणि चष्मा नसेल तर फवारणीला उभे करायचे नाही, हा नियम आम्ही केला. उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीकडच्या चरात ओतायचे नाही, कारण चांदी माशांना आणि पाण्यातील बारीक जिवांना मारक असते. बीजोत्पादनाचा करार करताना कंपन्या किलोचा भाव आणि शुद्धतेची टक्केवारी काटेकोर लिहून घेतात. हातमोज्यांचा खर्च कोणी करायचा आणि उरलेल्या चांदीचे काय करायचे, हे त्यांच्या करारात मला आजवर दिसलेले नाही. ते असायला हवे.

आपल्या वार्ताहरांनी या विषयावर पुन्हा लिहावे अशी माझी इच्छा आहे, आणि त्यासाठी त्यांनी आमच्या प्लॉटवर अवश्य यावे. यंदा दिवाळीनंतर आठवडाभराने नर ओळींवर फुले लागतील असा अंदाज आहे. मात्र सकाळी साडेसहाच्या आत यावे लागेल. दहानंतर परागात दम राहत नाही आणि बायकाही घरी परततात.

आपला,
एक बीजोत्पादक शेतकरी,
ता. देऊळगाव राजा, जि. बुलढाणा